उतारा वाचून देणारं माणूस

वाचकाचं पत्र:

“ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. गावात मराठी शाळा, मग बेळगावात बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पुण्यात पीएच.डी. गेले १६ महिने जर्मनीत एका विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करतेय. काम भाताच्या करपा रोगावर आहे. करार दोन वर्षांचा, म्हणजे आठ महिने उरले. सर वाईट नाहीत, पण काही सांगतच नाहीत. महिन्यातून एकदा भेटतात, ‘गुड, कीप गोइंग’ म्हणतात आणि संपलं. करार वाढणार का, पेपरवर पहिलं नाव माझं की माझ्या आधी इथं असलेल्या मुलाचं, हे विचारायचा धीर होत नाही. उद्धट वाटेल. घरी बोलले तर आप्पा म्हणतात, परत ये, कुठल्यातरी कॉलेजात लागशील. आणि यात भर म्हणजे बेळगाव, गोकाक, निपाणीकडच्या पंधरा-वीस मुलामुलींचे मेसेज येऊन पडलेत, ‘ताई, गाइड करा’. मलाच कुणी गाइड नाही, मी त्यांना काय सांगू? उत्तर दिलं नाही तर गावात म्हणतील, शिकून शेफारली. सही नको.”

सही नको म्हणालीस, घातली नाही. गावाचं नावही काढलं, कारण खानापूर, करपा आणि जर्मनी एवढ्यावर तुझ्याकडची माणसं अर्ध्या तासात तुझ्या आजोळापर्यंत पोचतील.

आधी तातडीचं. तुझा करार मुदतीचा आहे. तिथल्या नियमाप्रमाणे असा करार संपायच्या किमान तीन महिने आधी रोजगार कार्यालयात, म्हणजे ‘आगेंटूर फ्युअर आर्बाइट’कडे, आपण नोकरी शोधतोय अशी नोंद करावी लागते. सरांनी तोंडी ‘वाढवू’ म्हटलं असलं तरी करायची. उशीर झाला तर बेकारी भत्त्याचा एक आठवडा जातो. होय, तो भत्ता तुलाही आहे. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विम्याची वर्गणी भरलेली असली की हक्क लागतो, आणि तुझ्या पगारातून ती १६ महिने कापली जातेय. आपल्याकडच्या मुलींना हे हात पसरल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पगाराची स्लिप काढून कपातीच्या ओळी एकदा नीट वाच, मग वाटणार नाही.

दुसरं, राहण्याच्या परवान्याचं कार्ड पर्समधून काढ आणि त्यावर काय छापलंय ते बघ. संशोधकाचा परवाना वेगळा, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना, वेगळं. पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असला तर ब्लू कार्ड मागता येतं. २०२३ च्या सुधारणेनंतर ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी झाली की जुजबी, ए-वन पातळीच्या जर्मनवर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, आणि बी-वन, म्हणजे मधली पातळी, असेल तर २१ महिन्यांतच. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलतात म्हणून जर्मनचा क्लास टाळला असशील, तर त्या टाळण्याची किंमत सहा महिने आहे.

तिसरं, युरोपीय संघाच्या संशोधकांसाठीच्या मारी क्युरी फेलोशिपचं. तुझ्या मनात असणारच. तिचा एक नियम तुला आडवा येतो: अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलीस, त्या देशासाठी अर्ज करता येत नाही. म्हणजे जर्मनीचं दार बंद, पण नेदरलँड्स, डेन्मार्क, फ्रान्स, स्पेन सगळी उघडी. पीएच.डी. होऊन आठ वर्षांच्या आत अर्ज करायचा, तेवढा अवकाश तुझ्याकडे आहे. शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात असते आणि अर्ज तिथल्या प्रोफेसरबरोबर मिळून लिहायचा असतो. तो प्रोफेसर मिळवायलाच दोन-तीन महिने जातात. तेव्हा ‘सर काय म्हणतात बघू आणि मग ठरवू’ असं करू नकोस, दोन्ही एकदम चालू दे.

आता सरांकडे येऊ.

मी १९९९ साली बेळगावहून जर्मनीला गेले. तेव्हा आई-आप्पा रविवारी खडेबाजारातल्या बूथवरून फोन करायचे, मीटर पळायचा म्हणून सगळं तीन मिनिटांत बोलायचं. त्या तीन मिनिटांत आईचा एक प्रश्न ठरलेला, ‘सर चांगले आहेत ना?’ मी म्हणायची, आहेत. होतेही. अकरा महिने मी त्यांच्यासमोर ‘येस, प्रोफेसर’ यापलीकडे काही बोलले नाही. आपल्या कॉलेजात कसं, सरांना आपलं गाव माहीत, घरची परिस्थिती माहीत, पोरीचं लग्न ठरतंय तेही माहीत. आपण गप्प उभे राहिलो तरी ते विचारतात, ‘काय गं, काय झालं?’ म्हणून गप्प राहणं हा आपल्याला मान वाटतो. तिथं त्याच गप्प राहण्याचा अर्थ ‘हिचं छान चाललंय’ असा होतो. पेपर छापून आला तेव्हा पाचपैकी तीन आकृत्या माझ्या प्रयोगांच्या होत्या आणि नाव तिसरं होतं. धीर करून विचारलं, तर माणूस खरोखर चकित झाला. ‘तू कधी म्हणालीच नाहीस!’ त्यांनी न विचारता ठरवलं ही त्यांची चूक होती, हे मी आजही म्हणते. पण त्या अकरा महिन्यांतला माझा वाटा मला त्यांच्या नावावर टाकता येत नाही.

तेव्हा सोमवारी सकाळी मेल टाक. दोन ओळींचा. माझा करार अमुक तारखेला संपतो, पुढचं ठरवण्यासाठी मला पाऊण तास हवा आहे, सोबत एक पान जोडलंय. बस्स. ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’ नको, ‘इफ यू हॅव टाइम’ नको. पानावर वरच्या अर्ध्यात आजवर काय झालं आणि आठ महिन्यांत काय होण्यासारखं आहे, खालच्या अर्ध्यात तीन प्रश्न. यानंतर पैसा आहे का, असला तर किती महिन्यांचा? पेपरवर कोण कुठल्या जागी? मी बाहेर अर्ज केला तर तुम्ही भक्कम शिफारसपत्र द्याल का? हा शेवटचा प्रश्न ‘भक्कम’ या शब्दासकटच विचार. कोमट पत्र देणारा माणूस त्या शब्दाला अडखळतो, आणि तो अडखळला की तुला दुसरं माणूस शोधायचं हे कळतं. आणखी एक, आपल्याकडे ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो’ असं चालतं. तिथं आपणहून तयार पत्र पुढे केलंस तर बऱ्याच जणांना ते खटकेल. त्याऐवजी आपल्या कामाचे पाच-सहा मुद्दे दे आणि चार आठवडे आधी दे.

पैशाचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते स्वतःवर ओढून घेऊ नकोस. पीएच.डी.नंतर विद्यापीठात मुदतीच्या करारावर ठेवायला तिथल्या कायद्यात साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे, प्रोजेक्टच्या पैशावरचे करार त्या त्या प्रोजेक्टला बांधलेले असतात, आणि प्रोजेक्ट संपला की प्रोफेसरच्या हातात काही उरत नाही.

नावाच्या जागेचा वाद मात्र आत्ताच मिटव, पेपर लिहून झाल्यावर नव्हे. हल्ली बरीच जर्नल्स कुणी काय केलं याचा तक्ता मागतात, त्यात १४ प्रकारची कामं नोंदलेली असतात: कल्पना, प्रयोग, आकडेमोड, पहिला मसुदा, पैसा उभा करणं असं सगळं. तो कोरा तक्ता छापून घेऊन जा आणि सरांसमोर दोघांनी मिळून भर. आधीच्या मुलानं बुरशीचे वाण तयार करून ठेवले असतील आणि पानात ती कशी घुसते हे तू दाखवलं असशील, तर पहिलं नाव दोघांचं सामायिक असू शकतं. (करप्याची ती बुरशी भाताच्या पानावर ८० वातावरणांपर्यंतचा दाब तयार करून आत शिरते, मोटारीच्या टायरच्या तीसचाळीस पट. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आप्पांना सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘एवढा जोर आमच्या बैलात असता तर.’) बैठक संपली की त्याच संध्याकाळी सरांना मेल कर, ‘आज ठरलं ते असं’. ते काही बोलले नाहीत तर नोंद झाली. बोलले तर दुरुस्ती झाली.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

आमचं दोन एकर भात. आप्पांना मराठी सुरेख यायची, पोथी घडाघडा वाचायचे, पण शेतीचा उतारा कन्नडमध्ये. तलाठ्याकडून आला की आप्पा तो धोतराच्या सोग्यात नीट ठेवायचे आणि संध्याकाळी कन्नड शाळेच्या मास्तरांच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. मास्तर चष्मा लावायचे, कागद मांडीवर पसरायचे आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायचे. एकदा त्यांनी असंच बोट थांबवलं. आमच्या आज्जीचं नाव चुकलं होतं, एक अक्षर. मास्तर म्हणाले, उद्याच जा, ही आत्ता दुरुस्त होईल, तुमच्यामागं पोरांना कोर्टात जावं लागेल. आणि अर्जावर सहीच्या जागी फुली मारून म्हणाले, ‘इल्ली सही माडी,’ इथं सही करा. शेती कशी करायची, पोरांना काय शिकवायचं, यातलं त्यांनी आयुष्यात कधी काही सांगितलं नाही. कागद वाचून द्यायचे. आप्पा दरवर्षी नव्या तांदळाची एक पिशवी त्यांच्याकडे पोचवायचे.

जर्मनीत मला पहिले सात-आठ महिने वाटत होतं की आपल्याला गुरू मिळाला नाही. मग गणपतीला बेळगावहून आलेल्या एका मुलानं कुंदा मिठाईचा बॉक्स आणला. मी तो प्रयोगशाळेच्या स्वयंपाकघरात ठेवला. सगळ्यांनी चिमूटभर खाल्ला आणि ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं, म्हणजे आवडला नाही. आमच्याकडे पन्नाशीची एक तंत्रसहायक होती, प्लेट ओतणं, ऑटोक्लेव्ह, ऑर्डरी असं सगळं बघायची. तिनं मात्र तीन तुकडे खाल्ले आणि हा दुधाचा कसा करतात ते विचारत बसली. बोलता बोलता तिला माझ्या टेबलावर न फोडलेली चार सरकारी पाकिटं दिसली. तिनं एक उचललं, खुर्ची ओढली आणि बोट ठेवून वाचायला लागली. अगदी मास्तरांसारखं! त्यातलं एक पत्र आरोग्य विम्याचं होतं, उत्तराची मुदत चार दिवसांवर आलेली. पुढची तीन वर्षं दर गुरुवारी तीन वाजता माझं पाकीट आणि तिची कॉफी. माझी खरी मार्गदर्शक ती. पीएच.डी. नव्हती तिला.

म्हणून ‘मला गाइड नाही’ हे वाक्य मी तुझ्याकडून मान्य करत नाही. एकच माणूस वडिलांसारखा पाठीशी उभा राहील, ही आपली कॉलेजातली सवय तू बरोबर घेऊन गेलीस. तुला तिथं चार-पाच वेगवेगळी माणसं लागतील आणि त्यांतलं एकही तुझं सर्वस्व नसेल. कागद वाचणारी एक. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेलं, पण तुझ्या प्रयोगशाळेबाहेरचं एक, शक्यतो परदेशीच, कारण व्हिसाच्या रांगेत तेही उभं राहिलेलं असतं. तुझा मसुदा निर्दयपणे खोडणारं एक. आणि ज्याच्यापुढे रडलं तरी चालतं असं एक. हे शेवटचं मराठीच असायला हवं असं नाही. बेळगावात पाटीच्या भाषेवरून हमरीतुमरीवर येणारी आपण माणसं, पण तिथल्या पहिल्या हिवाळ्यात, दुपारी साडेचारला अंधार पडलेला असताना, धारवाडच्या एका मुलानं जिन्यात कन्नडमध्ये ‘ऊट आयता?’, जेवण झालं का, असं विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन भाषांत वाढलेली तू. घरात मराठी, तालुका कचेरीत कन्नड, पुस्तकात इंग्रजी. कुठल्या माणसाकडे कुठल्या भाषेतून जायचं हे तुला वयाच्या दहाव्या वर्षापासून कळतंय. चौथ्या भाषेला इतकं काय घाबरायचं?

मोठ्या नावांच्या मागे लागू नकोस, एवढंच सांगते. आपल्या भागात कुणी शास्त्रज्ञ व्हायचं म्हटलं की लोक खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णींचं नाव काढतात. कुरुंदवाडला जन्म, हुबळीत शाळा, बर्कलीत पीएच.डी., विद्यार्थी असतानाच १९८२ साली पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या शोधात वाटा, सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा तारा. ऐकून छाती फुगते, पण मंगळवारी पीसीआरचा प्रयोग चालला नाही तर काय करायचं ते त्यातून कळत नाही. मला त्यापेक्षा जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट कामाची वाटते. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून आधी नाकारलं, मग वर्षभर पारखून बघू या अटीवर घेतलं. रामन नोबेलवाले, जगात नाव. पण कामाच्या टेबलाशी कमलाबाईंना घडवलं ते तिथल्याच श्रीनिवासय्या सरांनी, आणि तेही अगदी कडक शिस्तीत. पुढे केंब्रिजला जाऊन कमलाबाईंनी १९३९ साली पीएच.डी. मिळवली. रामन सगळ्यांना माहीत असतात. श्रीनिवासय्यांचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय?

त्या पंधरा-वीस मेसेजांचं बघू. त्यांना गाइड करू नकोस. कागद वाचून दे.

सगळ्यांना एकच उत्तर एकदा नीट लिहून ठेव आणि चिकटव. त्यात एवढं असू दे: भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या शिक्षणव्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीचे कागद तपासून खरे ठरवल्याचा दाखला, लागतो. मास्टर्सला जाणाऱ्यानं वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा बँक खात्यात, दाखवावे लागतात, हा २०२४ चा आकडा, बदलतो, दूतावासाच्या पानावर बघून घ्या. आणि पीएच.डी. तिथं बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, अर्जाला पैसे पडत नाहीत. ही शेवटची ओळ ठळक कर. माझ्याकडे निपाणीचा एक मुलगा आला होता. तंबाखूच्या वखारीत वडील हमाली करतात. कुणा एजंटानं ‘जर्मनीत पीएच.डी.ची सीट’ म्हणून त्याच्याकडे दीड लाख मागितले होते. आईचे दागिने गहाण टाकायची तयारी झालेली. सीट कसली, जाहिरात फुकट वाचता येत होती.

त्या उत्तराच्या शेवटी लिही: एखादा ठरावीक कागद असेल तर पाठवा. जाहिरात, बायोडेटा, पाठवायचा मेल, ऑफर लेटर. महिन्यातून दोघांना अर्धा अर्धा तास. पंधरातले दहा तिथंच गळतील, कारण त्यांना कागद नको होता, धीर हवा होता, आणि तो त्यांना गावातही मिळेल. उरलेल्या पाचांचे मेल बघशील तर कपाळाला हात लावशील. ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी’, आणि हाच मजकूर दोनशे प्रोफेसरांना. एकदा तर वर दुसऱ्याच सरांचं नाव राहिलेलं मी पाहिलंय. बायोडेट्यात वडिलांचं नाव, धर्म, अविवाहित. त्यांच्यासमोर बोट ठेव. हे काढ. इथं त्यांच्या शेवटच्या पेपरमधली तुला न पटलेली किंवा न कळलेली एक गोष्ट लिही. इथं तू स्वतःच्या हातानं केलेला एक प्रयोग लिही, बिघडलेला असला तरी. एवढंच.

ज्याला ओळखत नाहीस त्याची शिफारस करू नकोस, गावचा असला तरी, भाऊबंद असला तरी. तुझं नाव तिथं अजून कोवळं आहे. ‘माझी ओळख नाही, पण तुझा मेल मी वाचून देते’ असं म्हण. आणि शेफारली म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. पुढच्या लक्ष्मीच्या यात्रेला गेलीस की त्याच बायका आपल्या पोरांना ओढून तुझ्यापुढे उभं करतील.

तुझ्या आप्पांचं ‘परत ये’ हे मला तुझ्याइतकं चुकीचं वाटत नाही, फक्त ‘कुठल्यातरी कॉलेजात’ हे चुकीचं आहे. परत यायचंच तर नीट ये. केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप परदेशातून परतणाऱ्यांसाठीच आहे, पाच वर्षांची. त्यासाठी इथली एखादी संस्था तुला जागा द्यायला तयार असावी लागते, म्हणून ओळखी आत्तापासून कर. पुण्याचं आयसर, बंगळूरचं एनसीबीएस अशा संशोधन संस्था तुला सुचल्या असतीलच. पण करप्याचं काम करणाऱ्या खानापूरच्या मुलीनं धारवाडच्या कृषी विद्यापीठाला आणि मुगदच्या भात संशोधन केंद्राला अजून मेल टाकला नसेल, तर मी रागावेन. तुमच्या शिवारात दर पावसाळ्यात जे पान करपतं, त्याची माहिती तुला आहे तेवढी त्या जर्मन सरांना नाही.

करार आणि परवान्याचं कार्ड, दोन्ही बाजू स्कॅन करून, नंबर झाकून मला पाठव. जर्मनमध्ये असलं तरी चालेल, चष्मा लावून बसेन. आणि सोमवारचा मेल गेला की दोन ओळी कळव, सरांनी ‘भक्कम’ शब्दावर काय केलं ते मला ऐकायचंय.